पटावरच्या तांदळाचा आकडा : रविवारी पेंटर येतोय, त्याआधी ताळा हवा

तांदूळवाले भोरकर :

नमस्कार मंडळी. भोरला आमचं तांदळाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शिक्षण दहावी, पण हिशेब तोंडी. सुट्टीला भाचा आलाय. पुण्याच्या इंग्रजी शाळेत आठवीत आहे. त्याने बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची आणि शेवटी राजा फसतो. गोष्ट मला ठाऊक होती. पण पोरगं वर विचारतं, "मामा, तुझं दुकान कितव्या घराला संपेल?"

झालं. शेजारच्या सराफाकडे गेलो, इंद्रायणीचे हजार दाणे मोजून त्याच्या काट्यावर ठेवले. १५ ग्रॅम भरले. (सराफ म्हणाला, सोनं मोजायला आल्यासारखे हळू हळू मोजताय.) मग धरलं गणित. पहिल्या ओळीचे आठ घरांचे मिळून २५५ दाणे, चार ग्रॅमही नाहीत, चिमणीला टाकावेत तेवढे. दुसरी ओळ संपली की एकूण ६५,५३५ दाणे, म्हणजे एका किलोला १७ ग्रॅम कमी. तिसरी ओळ संपते तिथे २५ किलोचे दहा कट्टे. मला वाटलं, राजा उगाच घाबरला. पण चौथ्या ओळीत तिसाव्या घराला माझं दुकान आणि मागचं गोदाम दोन्ही रिकामं झालं, आणि अजून निम्म्याहून जास्त पट मोकळाच.

आता मूळ मुद्दा. गल्ल्यामागच्या भिंतीवर हा पूर्ण आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यायचाय, खाली लिहायचंय "एवढे दाणे मागणारं गिऱ्हाईक अजून यायचंय". पण आकडा तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा येतोय :

एक्सेलमध्ये : १८४४६७४४०७३७०९६०००००
भाच्याच्या मोबाइलवर : १८४४६७४४०७३७०९५५२०००
मी रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर चौसष्ट वेळा दुप्पट करून काढला तो : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,१५,६१५

(माझा आकडा मी वहीतून वाचला, भाच्याने टाइप केला. मला मोबाइलवर मराठी आकडे सापडत नाहीत.)

नऊचा ताळा मी घेतला आहे, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची, उरतो ते बीज. दुपटीत बीज १, २, ४, ८, ७, ५ असं फिरत राहतं. त्या हिशेबाने पासष्टाव्या घराला ७ येतं, त्यातून एक वजा केला की ६. माझ्या आकड्याची बेरीज ८७, म्हणजे १५, म्हणजे ६. जमतंय. तरी पेंटर एकदा रंगवून गेला की गेला, म्हणून विचारतोय. दुसरं, भाचा विचारतो की ही मूळ संख्या आहे का. शेवटी ५ आहे म्हणजे पाचाने जाणार, एवढं मलाही कळतं. पण पुढे आणखी कशाकशाने जाते, आणि ते एवढ्या मोठ्या आकड्यात शोधायचं कसं?

अर्धाबाइट :

काका, तुमचाच बरोबर. आत्ता संगणकावर पायथॉनमध्ये २ चा ६४वा घात वजा १ चालवून बघितलं : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सुरुवात तीच, शेवट ६१५. रंगवा बिनधास्त.

एक्सेल खोटं बोलत नाही, फक्त त्याला पंधराच आकडे लक्षात राहतात, पुढे शून्यं भरतं. मोबाइलचं दुखणं वेगळं. तिथे संख्या अशा पद्धतीने साठवतात की ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. हा आकडा म्हणजे २ चा ५३वा घात. त्यापुढे तो ढांगा टाकत चालायला लागतो. तुमच्या आकड्याच्या उंचीवर एकेक ढांग २०४८ ची. त्यामुळे शेवट ६१५ असलेली संख्या त्याला दिसतच नाही, तो जवळच्या ६१६ वाल्यावर पाय ठेवतो, आणि दाखवताना तेही गोल करून २००० म्हणतो.

आमच्या धंद्यात हा आकडा रोजचा आहे. ६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. चौसष्ट घरं, प्रत्येकात एक दिवा, सगळे लागलेले. त्यात एक मिळवला की सगळे विझतात आणि मीटर शून्यावर येतो. मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शून्यातून एक वजा करून अख्खा अहवाल या आकड्याने भरून ठेवला होता. म्हणजे हा आकडा मी ओळखतो, त्याला विसरणं शक्य नाही.

लीलावतीचा वाचक :

या आकड्याला आपल्याकडे नाव काय, ते कोणी सांगेल म्हणून थांबलो होतो. लीलावतीत भास्कराचार्य एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा स्थानं देतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. तुमचा आकडा वीस अंकी. यादी संपली तरी तो संपत नाही. १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, आणि पुढे खर्वापासून खाली उरलेलं. परार्ध हे नाव आपण 'आता मोजू नका' अशा अर्थाने वापरतो, आणि इथे तेच १८४ वेळा!

मी चाळीसगावचा, त्यामुळे हा विषय निघाला की राहवत नाही. आमच्याजवळ पाटण्याच्या देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं त्यात कोरलंय, सन १२०७ चा.

आणि भोरकर, तुम्ही चौसष्ट वेळा दुप्पट केलीत, कष्टाचं कौतुक आहे, पण अल-बिरुनीने हजार वर्षांपूर्वी हेच गणित गुणाकारांवर भागवलं होतं. पाचव्या घरात १६. त्याचा वर्ग २५६, तो नवव्या घरातला आकडा. त्याचा वर्ग ६५,५३६, सतरावं घर. त्याचा वर्ग तेहेतिसावं घर, आणि त्याचा वर्ग पासष्टावं, जे पटावर नाहीच. त्यातून एक काढा, अख्ख्या पटाची बेरीज हातात.

निवृत्त मास्तर, सांगली :

भोरकर, पेंटरला थांबवा.

तुमचा आकडा चुकला आहे, आणि अर्धाबाइट यांनी डोकं आणि शेपूट बघून अख्खा हत्ती पास केला आहे. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, अशीच पोरं उत्तीर्ण करून मीही शिव्या खाल्ल्या आहेत, तेव्हा राग नाही.

नऊचा ताळा चांगला, पण त्याला एक आंधळा डोळा आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, ताळा जमतो आणि चूक आत राहते. म्हणून जुने लोक जोडीला अकराचा ताळा घ्यायचे. उजवीकडून एक सोडून एक अंक घ्या, त्यांची बेरीज करा. मधल्या उरलेल्यांची वेगळी. मग वजाबाकी. तुमच्या आकड्यात पहिली बेरीज ५८, दुसरी २९, फरक २९, अकराने भागून बाकी ७.

आता बाकी किती यायला हवी ते बघू. २ चा पाचवा घात ३२, तो ३३ ला एक कमी, म्हणजे अकराच्या भाषेत उणे एक. दहावा घात म्हणजे उणे एक गुणिले उणे एक, एक. साठावाही एक. उरला चौथा घात, १६, बाकी ५. त्यातून पटाचा एक वजा केला की ४. तुमच्याकडे ७. आकडा नापास.

पायथॉनच्या आकड्याला हाच ताळा लावा : ६२ आणि २५, फरक ३७, बाकी ४. पास. आता दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा म्हणजे दिसेल. तुमच्याकडे ९५ नंतर १५ आहे, तिथे ५१ हवेत.

अवयवांचं उत्तरही देतो, पण सूत्र न लिहिता पटावरच दाखवतो, कारण तुम्ही ते अर्धं करून ठेवलंच आहे. तुमच्या हिशेबात पहिली ओळ २५५ दाण्यांची. दुसरी ओळ म्हणजे त्याच आठ घरांचं २५६ पट चित्र, तिसरी त्याच्या २५६ पट. म्हणजे प्रत्येक ओळ २५५ च्या पटीत, म्हणून अख्खा पटही. २५५ म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले १७. एका फटक्यात तीन अवयव गळाले.

आता पट मधोमध कापा. वरच्या बत्तीस घरांत ४,२९,४९,६७,२९५ दाणे. खालच्या अर्ध्यात त्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. दोन्ही मिळून वरचा अर्धा गुणिले ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे पूर्ण पट हा अर्धा पट गुणिले त्याहून दोनाने मोठा आकडा. आता तो अर्धा पटही तसाच कापा : ६५,५३५ गुणिले ६५,५३७. पुन्हा : २५५ गुणिले २५७. पुन्हा : १५ गुणिले १७. पुन्हा : ३ गुणिले ५. कापत कापत हातात येतं ते असं :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

पहिले पाच मूळ आहेत. २५७ ला १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलं की पुरतं. ६५,५३७ ला २५१ पर्यंत जावं लागतं, एका पावसाळी दुपारचं काम आहे, भाच्याला द्या. शेवटचा आकडा मी मुद्दाम तसाच सोडतोय. तुम्ही रोजमेळ काढून बसा.

अर्धाबाइट :

अरेरे. काका, सॉरी. मास्तर, तुम्हालाही. डोळ्यांनी जुळवला, मशीनला जुळवायला दिला असता तर हे झालं नसतं.

तांदूळवाले भोरकर :

मास्तर, पाय कुठे आहेत तुमचे.

वही काढली. वहीत ५१ च आहेत! मग १५ कुठून आले, म्हणून मी आणि भाचा समोरासमोर बसलो. मी पुन्हा वाचला : "एक, चौऱ्याऐंशी, शेहेचाळीस, चौऱ्याहत्तर, चाळीस, त्र्याहत्तर, सत्तर, पंच्याण्णव, एकावन्न, सहाशे पंधरा." पोराने पुन्हा १५ टाइप केले. माझ्या डोळ्यांसमोर. विचारलं तर म्हणतो, "तू आधी 'एक' म्हणालास ना, म्हणून एक आधी." एकावन्नमधला 'एक' ऐकला की त्याचं बोट एकावर. चौऱ्याऐंशी आणि त्र्याहत्तर त्याला येतात कारण तिथे दर वेळी थांबून तो मनात इंग्रजी करतो. एकावन्न सोपा वाटला म्हणून थांबला नाही.

रागावलो नाही. त्याच्या आईला फोन करून सांगितलं मात्र.

शंकेखोर :

हे वाचून २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकावन्नला 'पन्नास एक' म्हणा असं आलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा 'मराठी बुडाली' म्हणणाऱ्यांत होतो. अजून मत बदललेलं नाही. पण पेंटरपर्यंत गेलेली चूक मी पहिल्यांदाच बघतोय.

तांदूळवाले भोरकर :

मास्तर, तुम्ही सोडलेल्या आकड्याने काल रात्रीचं जेवण थंड केलं. ४,२९,४९,६७,२९७ ला ७ ने भागलं, ११ ने, १३ ने, १७ ने, १९ ने… ९७ पर्यंत गेलो. काही लागत नाही. बायको म्हणाली, वाटाणे निवडा त्यापेक्षा. मूळ आहे का हा?

निवृत्त मास्तर, सांगली :

फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही तेच वाटलं होतं, तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत आहात. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही रांग पाहून १६४० च्या सुमारास त्याने पत्रांतून लिहिलं की रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असणार. रांगेतला पुढचा आकडा तुम्ही काल भागत होतात तोच. नव्वदेक वर्षं कोणाला तो फोडता आला नाही. १७३२ मध्ये ऑयलरने फोडला.

सत्त्याण्णवपर्यंत जाऊन तुम्ही हात टेकलेत यात नवल नाही. गंमत अशी की त्याचे पहिले पाव शतक मूळ भागाकार वाया जाणारच होते. ऑयलरने दाखवलं की या आकड्याचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. (पटाची घरंही चौसष्ट, पण तो योगायोग समजा.) म्हणजे ७, ११, १३ कडे बघायचंच नाही. ६५, १२९, १९३, २५७ अशी पायरी पायरी चढायची आणि त्यातल्या मूळ तेवढ्याच तपासायच्या : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याला दार उघडतं.

६४१. भागाकार न करताही पटवता येतं, आणि हे मी दर वर्षी दहावीला शेवटच्या तासाला फळ्यावर करायचो, अभ्यासक्रमात नसताना. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०, ६४१ ला एक कमी, म्हणजे बाकी उणे एक. चारदा स्वतःशी गुणा, उणे एकाचा चौथा घात एक. डावीकडे झालं ६२५ गुणिले २ चा २८वा घात, बाकी एक. पण ६२५ म्हणजे ६४१ ला १६ कमी, त्याला उणे सोळा म्हणा. सोळा म्हणजे २ चा चौथा घात, २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे उणे (२ चा ३२वा घात) याची बाकी एक, म्हणून २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला की शून्य. आणि तो एक मिळवलेला आकडाच तुमच्या रोजमेळात आहे.

वर्गात दरवर्षी एक-दोन चेहरे या ठिकाणी उजळायचे. बाकीचे घंटेकडे बघायचे.

तांदूळवाले भोरकर :

भागलं. ६७,००,४१७ येतात, बाकी शून्य. खरंच शून्य! आता तो फुटतो का?

निवृत्त मास्तर, सांगली :

नाही. त्याचा कोणताही मूळ अवयव मूळच्या आकड्याचाही अवयव असणार, म्हणून तीच चौसष्टाची पायरी इथेही लागू. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथवरच जायचं. १९३ ते ५७७ आधीच नापास झालेत. उरल्या सातच : ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. सात भागाकार करा, सातही नापास होतील. तेव्हा तुमचा भिंतीवरचा आकडा असा :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात मूळ अवयव, एकही दुबार नाही. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे दोन पर्याय सात वेळा. त्यामुळे याला निःशेष भागणाऱ्या संख्या नेमक्या १२८, पटाच्या घरांच्या दुप्पट. आणि फर्माच्या रांगेत ६५,५३७ नंतर आजपर्यंत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. बिचारा नेमका जिथे थांबायला हवं तिथून पुढे बोलला.

ज्यांना भूमिती आवडते त्यांच्यासाठी एकच ओळ : पट्टी-कंपासने सतरा बाजूंचा सम बहुभुज काढता येतो हे गाऊसने १७९६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षाच्या आत दाखवलं, आणि त्याची चावी याच रांगेत आहे. ते इथे काढत बसत नाही.

शंकेखोर :

मास्तर, "पाव शतक मूळ भागाकार" म्हणजे २५ ना? ९७ पर्यंत मूळ संख्या २५ आहेत हे बरोबर, मोजल्या.

निवृत्त मास्तर, सांगली :

बरोबर. नाव शोभतं तुम्हाला.

तांदूळवाले भोरकर :

सातही भागाकार केले. सातही नापास. सहावा दोनदा करावा लागला.

वजनही काढलं, भाच्याला सांगायला. माझ्या १५ ग्रॅमला हजार दाण्यांच्या मापाने २७,६७० कोटी टन तांदूळ होतो. २५ किलोच्या कट्ट्यांत ११ लाख कोटी कट्टे. देशात हल्ली वर्षाला १४-१५ कोटी टनांच्या आसपास तांदूळ पिकतो, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांचं पीक, आणि तोवर कोणी एक घास खायचा नाही. भाचा म्हणाला, "मग राजाने काय केलं?" म्हटलं, हमालीच परवडली नसती.

पेंटर येऊन गेला. आकडा मी वाचून दाखवला नाही, कागदावर लिहून हातात दिला आणि मागे उभा राहिलो. तो अंकागणिक पैसे घेतो, आणि स्वल्पविराम धरला तर तोही एक अंक म्हणाला. नऊ स्वल्पविरामांचे पैसे कशाला, म्हणून सलग वीस अंक रंगवून घेतले. आता सकाळपासून चौघांनी विचारलंय की हा फोन नंबर कुठल्या देशाचा.